सायलेन्सरचं प्लॅस्टर

जागृतीची डावी पोटरी तिसऱ्यांदा भाजली, तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. ती मोटारसायकलवरून उतरली, साडीचा काठ वीतभर उचलून पाहिला, पुन्हा सोडला आणि शांतपणे म्हणाली, "आजपासून मी या गाडीवर बसत नाई." आरडाओरडा केला असता तर मी समजूत काढली असती. शांतपणे बोलणाऱ्या बाईची समजूत कशी काढायची हे मला बारा वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. माझ्या वडिलांनाही कळलं नव्हतं, असं माझी आई सांगते.

१९९९चा एप्रिल चालू होता. एप्रिलमध्ये वर्ध्यात दारातली चप्पलसुद्धा पाय भाजते, तिथं सायलेन्सर गरम होणारच, असा युक्तिवाद मी करून पाहिला. तो टिकला नाही. माझी गाडी १९८४ची, दोन सायलेन्सरवाली. इंजीन एकच, पण त्यातून दोन पाइप निघत, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. एका इंजिनाला दोन पाइप कशाला, असं लोक विचारत आणि मी "त्याले ताकद लागते" असं काहीतरी सांगत असे. डावीकडचा पाइप पायदानाच्या अगदी शेजारून मागे जाई. साडी नेसलेली बाई डावीकडेच दोन्ही पाय सोडून बसते. ही गाडी ज्यानं कागदावर आखली, त्याच्या घरी साडी नसावी.

एरवी हे प्रकरण मी पावसाळ्यापर्यंत लांबवलं असतं. पण चौदा एप्रिल नऊ दिवसांवर आला होता. सेलूच्या जयंतीच्या कार्यक्रमात यंदा प्रथमच एका बाईला भाषणासाठी दहा मिनिटं मिळाली होती आणि ती बाई जागृती होती. सेलूची लेक, वर्ध्याच्या शाळेत मास्तरीण. तीन वर्षं ती मागत होती आणि तीन वर्षं मंडळाचे अध्यक्ष हसून सांगत होते, "ताई, बायकायले टाइमावर येणं जमत नाई ना. साडी नेसण्यातच अकरा वाजते." यंदा त्यांनी होकार दिला तोही अट घालून. दहाला कार्यक्रम सुरू होणार, वंदना झाली की पहिलं नाव जागृतीचं. समोर दिसली नाही तर पुढचं नाव पुकारणार, आणि पुढच्या वर्षी हा विषय काढायचा नाही.

आदल्या दिवशी माहेरी जावं तर तेराला शाळेत परीक्षा. चौदाला सकाळी एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि ऑटोवाले मिरवणुकीत असतात. राहिली माझी मोटारसायकल. जागृतीनं त्या दिवसासाठी निळ्या काठाची नवी पांढरी साडी आणली होती आणि भाषण चार पानांवर लिहून दोनदा फेअर केलं होतं. मला तिनं एवढंच सांगितलं, "पाइप थंडा करा, मंग बसते."

आमच्या कॉलनीत कोणतीही अडचण एका घरात राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाइपाची बातमी लागली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या मंदाबाईंनी आधी जागृतीच्या पोटरीवर बटाटा किसून लावायला सांगितला, मग गाडीकडे मोर्चा वळवला. "भाऊ, कूलरचा वाळा बांधा ना पायपाले. वरून थोडं थोडं पाणी सोडायचं. कूलर कसा घर थंडं करते?" पाणी सोडणार कोण, असं मी विचारलं. "मागं बसणारी रिकामीच बसते ना," असं मंदाबाई म्हणाल्या. हातात पाण्याचा तांब्या घेऊन सायलेन्सरला अंघोळ घालत सेलूला निघालेली जागृती मी डोळ्यांसमोर आणली आणि विषय बदलला. ऑफिसातल्या बाबारावांनी जिनिंगमधल्या बॉयलरला गुंडाळतात ती अ‍ॅसबेस्टॉसची दोरी सुचवली, आणि लगेच "पण त्यानं फुप्फुस खराब होते म्हणे" असंही सांगितलं. बाबाराव प्रत्येक सल्ल्याबरोबर त्याची भीतीही देतात. त्यामुळे त्यांचा सल्ला आजवर कोणी पाळलेला नाही आणि त्यांचं कधी चुकलेलंही नाही.

शेवटी मी निकेशकडे गेलो. निकेश माझा मेकॅनिक. तो गाडीकडे पाहून नेहमी दुःखानं मान हलवतो, तशी त्यानं हलवली. "अश्विनभाऊ, बाहेरच्या देशात बेंड पाइपाले पट्टी गुंडाळते. कपड्यासारखी असते, पण जळत नाई. मी फोटो पाह्यला." ती पट्टी कुठं मिळेल असं विचारलं तर म्हणाला, "बाहेरच्या देशात." नागपूरला? "नागपूरले नाई भेटत. नागपूरवाले मलेच विचारतीन."

ही हकिकत मी घरी अंगणात बसून आईला सांगत होतो. शेजारचे प्रभाकरराव कुंपणापलीकडं झाडांना पाणी घालत होते. त्यांचा पाइप तिथंच थांबला. प्रभाकरराव एका मोठ्या इस्पितळाच्या हाडांच्या विभागातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एकतीस वर्षं त्यांनी प्लॅस्टर घातलं. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची चाल पाहून "याचा उजवा पाय मी बांधला होता, शहाऐंशी साली" असं ते सांगत आणि ते खरं असे. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काम नव्हतं. घरातल्या टेबलाचा मोडका पाय त्यांनी प्लॅस्टर करून ठेवला होता.

"पट्टी बांधायची आहे?" ते कुंपणाशी येऊन म्हणाले. "पायपाले? अन् तुम्ही निकेशले विचारून राह्यले? शेजारी मी काय मेलो का?"

मी म्हणालो, ती पट्टी वेगळी असते, जळत नाही.

"प्लॅस्टर कुठं जळते? चुना जळते का? खडू जळते का? सांगा ना मास्तरीणबाईले विचारून."

जागृतीला विचारलं. खडू जळत नाही, हे शाळेच्या अनुभवावरून तिला मान्य करावं लागलं. आई म्हणाली, "बांधू दे बापू, त्यायचा हात चांगला आहे." आईचं मनगट त्यांनीच बांधलं होतं. अशा रीतीनं माझ्या घरातल्या सगळ्या जाणत्या माणसांनी त्या प्लॅस्टरला मंजुरी दिली, हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो.

रविवारी सकाळी प्रभाकरराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बादलीत कोमट पाणी, कात्री, पिशवीत प्लॅस्टरच्या गुंडाळ्या. कॉलनीतली पंधरा-वीस माणसं जमली. त्यांनी गाडी स्टँडवर घ्यायला लावली, दोन्ही पाइपांवरून हात फिरवला आणि "सूज नाई" असं म्हणाले. ते थट्टा करत होते की सवयीनं बोलले, मला कळलं नाही. मग त्यांनी पिशवीतून कापसाचा जाड रोल काढला आणि पाइपावर गुंडाळायला सुरुवात केली.

"हे काय?"

"कापूस. आपल्या देवळीच्या वावरातला. घरी पिंजला."

"पाइपाला कापूस कशाला?"

प्रभाकररावांनी माझ्याकडं पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांना कोणत्याही पेशंटच्या नातेवाइकानं असं विचारलं नसावं. "अश्विनभाऊ, कापसाशिवाय प्लॅस्टर घालत नसते. आत टोचते. जखम होते. मंग लोकं म्हणते, प्रभाकररावनं घाई केली."

आता वाटतं, तिथंच मी बोलायला हवं होतं. सबंध जिल्हा कापसावर जगतो, कापसाच्या गंजीजवळ कोणी विडीसुद्धा पेटवत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक. पण एवढ्या माणसांसमोर एका तज्ज्ञाला त्याच्या धंद्यातलं शिकवायचं म्हणजे धीर लागतो. शिवाय कापूस एकदा प्लॅस्टरच्या आत गेला की तो कापूस राहतच नाही, प्लॅस्टरचा भाग होतो, असं काहीतरी मला वाटलं. जमलेल्या पंधरा-वीस जणांनाही तसंच वाटलं असणार, कारण कोणी तोंड उघडलं नाही.

काम मात्र देखणं झालं. एका वळशावर दुसरा वळसा, कुठं सुरकुती नाही, वरून ओल्या तळहातानं घोटून गुळगुळीत. दोन्ही बाजूंना इंजिनापासून पायदानाच्या मागेपर्यंत शुभ्र प्लॅस्टर. "चोवीस तास वजन द्यायचं नाई," असं बजावून त्यांनी हात धुतले, आणि सोमवारी मी ऑफिसला पायी गेलो.

मी घरी नाही हे पाहून कॉलनीतल्या पोरांनी प्लॅस्टरवर स्केचपेननं "लवकर बरे व्हा" असं लिहिलं आणि खाली सात जणांनी सह्या केल्या. मी पोरांना रागावलो. पण प्लॅस्टरवर लिहायचंच असतं, असं प्रभाकररावांनी त्यांच्या बाजूनं सांगितल्यावर मला गप्प बसावं लागलं. संध्याकाळी मी गाडीवर कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या. जागृतीनं बाहेर येऊन प्लॅस्टरला हात लावला. गार! तिनं दुसऱ्यांदा लावला, मग पोटरी टेकवून पाहिली आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं पाहून हसली. त्या हसण्याखातर मी गाडीला आणखी दोन सायलेन्सर लावून त्यांनाही प्लॅस्टर केलं असतं.

गावात मात्र माझी पुरती शोभा झाली. पानठेल्यावर "किती हप्त्याचं सांगतलं डॉक्टरनं?" असं विचारलं गेलं. चौकातल्या हवालदारानं मला थांबवलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पावती न फाडता "सांभाळून ने रे बाबू" असं हळव्या आवाजात म्हणाला. दंड परवडला असता.

त्यातच आरटीओची तारीख आली. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नवी करावी लागते आणि साहेब गाडी स्वतः तपासतात. ही तारीख नेमकी तेरा एप्रिल होती. साहेब सज्जन होते. त्यांनी चेसिस नंबर पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला आणि खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"हे काय आहे?"

"उष्णता कमी होण्यासाठी."

"कशासाठी ते नाही विचारत. हे काय आहे?"

"प्लॅस्टर."

साहेबांनी सह्या वाचल्या. मग त्यांनी आरसी बुक उघडलं आणि त्यात प्लॅस्टर कुठं नमूद आहे ते दाखवायला सांगितलं. मी म्हणालो, ते परवाच घातलं. गाडीत बदल केला तर अर्ज द्यावा लागतो, असं ते म्हणाले. मी अर्ज द्यायला खिडकीवर गेलो. तिथल्या बाबूनं फॉर्म पुढं केला. रंगबदल होता, इंजीनबदल होता, साइडकार होती. प्लॅस्टरचा रकाना नव्हता. बाबूनं शेजारच्या बाबूला विचारलं, त्यानं आतल्या बाईंना विचारलं आणि बाईंनी बाहेर येऊन आधी गाडी पाहिली आणि मग मला पाहिलं. शेवटी साहेबांनी शेरा मारला, "दोन्ही बाजूंचे आवरण काढून वाहन पंधरा तारखेस पुन्हा हजर करावे." मी घरी येऊन प्रभाकररावांना सांगितलं. ते दुखावले. "तीन हप्त्याच्या आत प्लॅस्टर काढत नसते. साहेबाले माह्याशी बोलू द्या." पण पंधराला काढायचं म्हणजे चौदाला ते राहणार होतं, आणि जागृतीला तेवढंच पुरेसं होतं.

चौदाला पावणेनऊला आम्ही निघालो. जागृती पांढऱ्या साडीत, पर्समध्ये चार पानं, ओठ हलत होते. आई दारात उभी राहून म्हणाली, "जोरानं बोलजो, मागच्यायले ऐकू आलं पाह्यजे." गावातून मी हळू चालवली. नागपूर रस्त्याला लागल्यावर जागृती म्हणाली, "थोडी पळवा ना, टाइम होईन." मी पळवली. पवनारच्या पुढं मला जळका वास आला.

"पऱ्हाटी जाळून राह्यले कोणी," जागृती मागून म्हणाली. एप्रिलमध्ये आमच्याकडं वावरावावरांतून कापसाची वाळकी झाडं जाळतात, सगळ्या रस्त्यानं तोच वास असतो. मीही म्हणालो, हो, पऱ्हाटीच. दोन किलोमीटर गेलो तरी वास मागं पडेना. कुणाचं तरी मोठं वावर असेल, असं मी म्हणालो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजवत एक टेम्पो शेजारी आला. निळे झेंडे, आत पंधरावीस बाया. त्यातली एक हात हलवून ओरडत होती, "ओ भाऊ! थांबा! तुमची गाडी पेटली!"

मी खाली पाहिलं. दोन्ही प्लॅस्टरच्या दोन्ही टोकांतून दाट, पिवळसर धूर निघत होता. ज्वाळा दिसत नव्हती. आत देवळीचा उत्तम प्रतीचा कापूस सावकाश धुमसत होता आणि वरचं प्लॅस्टर, प्रभाकरराव म्हणाले होते त्याप्रमाणे, अजिबात जळत नव्हतं.

जागृतीनं चालत्या गाडीवरून उडी मारली, नशीब मी तोवर ब्रेक दाबला होता. रस्त्याला ना विहीर ना हातपंप. टेम्पोत मात्र मिरवणुकीत वाटायला केलेल्या गुलाबी सरबताचे दोन ड्रम होते. बायांनी विचारपूस केली नाही. मगानं, तांब्यानं, एकीनं तर सरळ पातेल्यानं सरबत ओतायला सुरुवात केली. तापलेल्या प्लॅस्टरवर थंड सरबत पडताच ते फटाफट तडकलं, तुकडे उडाले, पांढरा चिखल, काळी राख आणि गुलाबी फेस असं सगळं उसळलं. साखर पाइपावर पडून गुऱ्हाळासारखा वास सुटला. जागृती पाइपाशीच वाकून पदरानं धूर बाजूला सारत होती. ती सरळ झाली तेव्हा तिच्या साडीवर पांढरा रंग शोधावा लागत होता. पर्स सरबतात पडली होती. चार पानांचा एक गुलाबी गोळा झाला होता.

साडेनऊ वाजले होते. मी पान्यानं उरलेलं प्लॅस्टर ठोकत म्हणालो, "पाच मिनिटं, होतेच आहे." माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. तीन वर्षं वाट पाहून मिळालेली दहा मिनिटं मी रस्त्यावर सांडून ठेवली होती, आणि ती पदर पिळत होती. तिनं रागावायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतं तेव्हा मी पाना जोरात मारतो.

टेम्पोतल्या बाईनं हात खाली केला. "चाल बाई, चढ वर. त्यायले येऊ दे मागून." जागृतीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, त्या बाईचा हात धरला आणि चढली. टेम्पो गेला.

माझी गाडी सव्वादहाला सेलूत पोचली. मंडपाबाहेरच सासरे भेटले, श्रावणजी. ते घाम पुसत होते. घडलेलं त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. साडी पाहून अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही घरून साडी बदलून या, तोवर दुसऱ्याचं भाषण घेतो." जागृती म्हणाली, "दहाले दोन कमी आहे. माझं नाव पुकारा."

मी मंडपात मागं उभा राहिलो. जागृती माइकसमोर होती. हातात कागद नव्हता.

"माझी साडी पाहून तुम्ही हसले, ते बरोबरच आहे," ती म्हणत होती. "माझे पाय भाजू नये म्हणून माझ्या नवऱ्यानं गाडीच्या पायपाले प्लॅस्टर घातलं. आतून कापूस लावून." मंडप पुन्हा हसला. पुरुष खुर्च्यांवर मागं रेलून हसले. कोणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं आणि चार-पाचशे माना वळल्या. त्या क्षणी मला आरटीओ ऑफिस फार जिव्हाळ्याचं वाटलं.

"हसा," जागृती म्हणाली. "मंग सांगा, इथं गाडीवाले किती जण आहे? हात वर करा." भरपूर हात वर आले. "यातल्या किती जणांनं आपल्या बायकोची डावी पोटरी पाह्यली? भाजली का म्हणून कोणी विचारलं?"

हात खाली गेले. पुढच्या रांगेत एका म्हातारीनं शेजारणीला काहीतरी म्हटलं आणि साडीचा काठ बोटभर वर केला. शेजारणीनं पाहिलं आणि आपलाही केला. मग मागच्या रांगेत, मग त्यामागच्या. कोणी गाडीवर मागं बसून बाजाराला गेलेली, कोणी दवाखान्यात, कोणी लग्नाला. एकमेकींना रुपयाएवढे काळे डाग दाखवत, कितव्या वर्षी झाला ते सांगत. पुरुषांच्या बाजूला कोणीही कोणाकडं पाहत नव्हतं. जागृतीनं बायांचं बोलणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग पुढची सतरा मिनिटं बोलली. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मंडपाच्या कडेला, गाडीपाशी, टोपी घातलेला एक माणूस माझ्याजवळ आला. पन्नाशीचा असेल. गाडीच्या पाइपावर लागलेल्या साखरेकडं पाहत म्हणाला, "भाऊ, भाजलं का म्हणून तुम्ही मास्तरीणबाईले विचारलं होतं का? स्वतःहून?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "नाई," मी म्हणालो. "ती बसत नाई म्हणाली, तेव्हा कळलं."

त्यानं मान डोलावली. मग तो बायांच्या बाजूला चालत गेला. तिथं त्याची बायको चटई गुंडाळत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि तिच्या पायांकडं पाहू लागला. तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग विचारलं, "काऊन? काय हरवलं?" तिच्या हातातली चटई त्यानं घेतली आणि तो तिच्या पायांशी खाली बसला.